नावाला जोड

नावाला जोड : धाकट्या बाळाचे नाव थोरल्या भावंडाच्या नावाशी जुळेल असे ठेवण्याची रीत. कोल्हापूर शहरात व आसपासच्या तालुक्यांत ‘थोरलीचं शर्वरी हाय, तिच्या जोडीला काय शोभंल?’ हा प्रश्न बाळंतीण घरी येण्याआधीच सुरू होतो. जोडी हा शब्द इकडे बैलांपासून पायताणांपर्यंत सगळीकडे चालतो आणि जोडी म्हटली की दोन्ही नग सारखे हवेत अशी समजूत असते. पायताणाला हा हिशेब ठीक आहे. माणसाच्या नावाला तो तितकासा लागू पडत नाही.

ही रीत आजच्या रूपात फार जुनी नाही. घरात पाच-सात पोरे असत तेव्हा नाव शेजारी पाहून नव्हे, वर पाहून ठेवले जाई : वारलेल्या आज्याचे, पणजीचे, कुलदैवताचे. सासऱ्याचे नाव सून तोंडाने घेत नसे. म्हणून तेच नाव मिळालेल्या नातवाला हाक मारायला ‘आबा’, ‘बाळ’ असे वेगळे नाव लागे. राजघराण्यातही हेच दिसते. कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेल्या यशवंतरावांना १८८४ मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवले, तेव्हा त्यांचे नाव शाहू झाले. त्यांच्या सख्ख्या भावाचे नाव पिराजीराव. दोन्ही नावांत जुळणी काही नाही. शाहू महाराजांच्या मुलांची नावे राजाराम (जन्म १८९७) व शिवाजी (जन्म १८९९). ती एकमेकांना शोभतात, पण त्याचे कारण दोन्ही एकाच वंशावळीतून उचललेली आहेत, हे.

जुन्या काळी भावंडांची नावे जुळवलीच नाहीत असे मात्र नाही. मालोजी भोसल्यांना नगरच्या शाह शरीफ पिराच्या कृपेने दोन मुलगे झाले, अशी परंपरा सांगते. थोरल्याचे नाव शहाजी, धाकट्याचे शरीफजी. एकच नाव दोघा भावांत वाटून दिल्याचे इतके नेमके उदाहरण दुसरे सापडणे कठीण. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता ही आळंदीची चार नावे ओळीने घेतली तर विरक्ती, ज्ञान, पायऱ्या आणि सुटका असा जिनाच उभा राहतो. तिथे अक्षर जुळत नाही, अर्थ जुळतो. शिरोळ-हातकणंगले व त्यालगतच्या पट्ट्यातील जैन घरांत जोड शेवटाला असे. जैन मुनी आचार्य शांतिसागर यांचे जन्मनाव सातगोंडा. थोरले भाऊ आदगोंडा व देवगोंडा, धाकटा कुमगोंडा. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वडिलांचे नाव पायगोंडा. ‘गोंडा’ वापरातून गेला आणि त्याची जागा बऱ्याच अंशी ‘राज’ने घेतली : पृथ्वीराज, ऋतुराज, विश्वराज. इंद्रजित-रणजित ही जोडी त्याच्या आधीच्या पिढीतली. मुस्लिम कुटुंबांत आसिफ–आरिफ, नजमा–सलमा अशी यमके चालत आलेली आहेत.

देवावरून जोड लावणे ही इथली सोय. जोतिबाला केदारलिंग, केदारनाथही म्हणतात. त्यामुळे थोरला केदार असेल तर धाकट्या मुलीचे अंबिका हे नाव वाडी रत्नागिरीचा डोंगर आणि अंबाबाईचे देऊळ एकाच घरात आणते. जाई–जुई, गंगा–यमुना या जोड्या दोघी मुलींपर्यंतच पुरतात. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला की घरचे पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लागतात. अशा ठिकाणी ओळीतल्या बहिणींची एक कडवट बाजूही नोंदवायला हवी. मुलग्याची वाट पाहून पुन्हा मुलगीच झाली की तिचे नाव ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ ठेवत. थोरल्या बहिणींच्या नावांशी तिचे नाव जुळे ते एवढ्याच अर्थाने की त्यांच्यामुळे ते पडले. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८० हून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली.

अडचण बहुधा पत्रिकेपाशी येते. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे १०८ चरण, आणि प्रत्येकाला एक अक्षर; बाळ ज्या चरणावर जन्मले त्याच्या अक्षरावरून नाव. रोहिणीला ओ, वा, वी, वू. आर्द्रेला कू, घ, ङ, छ. थोरल्याचे नाव ‘श’वरून असेल आणि धाकटीच्या वाट्याला ‘ङ’ आला तर गुरुजीही शेजारच्या अक्षरावर सरकतात. सर्वमान्य तोड अशी, की रासनाव पत्रिकेपुरते ठेवायचे आणि व्यवहाराचे नाव जुळवून घ्यायचे.

एकाच अक्षरावरून दोघांची नावे ठेवण्याची आवड सर्वांत जास्त, आणि तीच सर्वांत गैरसोयीची. मराठी पूर्ण नावात वडिलांचे नाव आणि आडनाव भावंडांत आधीच सारखे असते. वेगळे असते ते एवढे पहिले नाव. तेही ‘स’वरून घेतले की दोघेही ‘स. बा. पाटील’. कुरिअरवाला, बँक आणि शाळेचा कारकून यांना हे घोळ नवे नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम आला. त्यामुळे नावांना कितीही सुरेख जोड लावली तरी आधी जन्मलेल्या थोरल्याच्या दाखल्यावर तीन शब्द आणि धाकट्याच्या दाखल्यावर चार, असे चित्र काही घरांत दिसते. नाव न ठरताही जन्माची नोंद करता येते. पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर शुल्क भरून. घाई करण्याचे कारण नाही.

कागदापेक्षा मोठी परीक्षा हाकेची. कोल्हापुरात कोणतेही नाव गल्लीत गेले की त्याला ‘या’ लागतो : ओंकारचा ओंक्या, संग्रामचा संग्या. समर्थ आणि सम्राट ही नावे पत्रिकेवर कितीही भारदस्त दिसली तरी रंकाळ्यावर खेळायला गेलेल्या दोघांचाही सम्याच होतो, आणि मग ‘कंचा सम्या? थोरला का बारका?’ हे आयुष्यभर मागे लागते. आरव–अर्णव, विहान–विवान यांचे तेच. स्वयंपाकघरातून एकाला हाक मारावी तर दोघेही येतात, किंवा काम सांगायचे असेल तर दोघेही येत नाहीत. नाव पक्के करण्याआधी दारात उभे राहून दोन्ही नावे एकापाठोपाठ मोठ्याने हाकारून पाहावीत, असे जुन्या बायका सांगतात. सल्ला रास्त आहे.

बारसे रूढीने बाराव्या दिवशी. आता बरेचदा सव्वा महिन्यानंतर, हॉल घेऊन. निमंत्रण थोरल्याच्या तोंडी असते : ‘माझ्या छोट्या बहिणीच्या बारशाला यायचं हं!’ पाळण्यामागे थर्माकोलची अक्षरे कापडाने झाकलेली असतात. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून फिरते, आत्या कानात नाव सांगून ‘कुर्रर्र’ करते, बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. थोरले भावंड तोवर पाळण्याच्या दोरीला लटकलेले असते. त्याने दवाखान्यातच बाळाला पाहून ‘चिमू’ किंवा ‘बबडी’ असे काहीतरी म्हटलेले असते, आणि त्या घरात पुढची वीस वर्षे हाक तीच चालते.