फेकवले नाही म्हणून

रुग्णाच्या रक्तातला जंतू प्रयोगशाळेत पोषक प्लेटवर वाढवला, की आज अनेक मोठ्या रुग्णालयांत त्याचे नाव काही मिनिटांत कळते. तंत्रज्ञ काडीच्या टोकाने प्लेटवरचा जंतूंचा एक ठिपका उचलतो, पोलादी पट्टीवर पुसतो, वर मॅट्रिक्स नावाच्या रसायनाचा थेंब टाकून वाळवतो आणि पट्टी यंत्रात सरकवतो. पूर्वी ओळख पटायला आणखी एक दिवस तरी सहज जाई. सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णासाठी तो दिवस जीवन-मरणाचा असतो.

हे तंत्र आले प्रथिनांच्या अभ्यासातून. १९७५ मध्ये पॅट्रिक ओ'फॅरेल यांनी ई. कोलाय जंतूची प्रथिने जेलवर एका दिशेने विद्युतभारानुसार आणि दुसऱ्या दिशेने आकारानुसार पांगवली. हजारावर ठिपके उमटले. पण कोणता ठिपका कोणत्या प्रथिनाचा, हे सांगणे जिकिरीचे होते. मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचे वजन मोजणाऱ्या यंत्राने ओळख पटवायची, तर रेणू वायुरूप आणि विद्युतभारित हवा. आणि प्रथिनाला तशी ऊर्जा दिली, की त्याचे तुकडे पडत.

तोडगा निघाला क्योटोत. शिमाद्झु कंपनीत कोइची तानाका हे तरुण इंजिनिअर काम करत. शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे. १९८५ मध्ये कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत त्यांच्या हातून चुकून ग्लिसरीन पडले. भुकटी महागडी, टाकून देणे जिवावर आले. म्हणून तेच मिश्रण त्यांनी वापरले, ग्लिसरीन लवकर उडावे म्हणून लेझर मारत राहिले, आणि पडद्यावर अखंड रेणूचा संकेत दिसला. २००२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. आज प्रयोगशाळांत प्रत्यक्ष वापरात आहे ती मात्र जर्मनीतल्या कारास आणि हिलेनकाम्प यांची पद्धत, माल्डी: मॅट्रिक्स रसायनात मिसळलेल्या प्रथिनांवर लेझर मारायचा. तो मान त्यांनाही मिळायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

'प्रोटिओम', म्हणजे पेशीतल्या सगळ्या प्रथिनांचा संच, हा शब्द १९९४ मध्ये मार्क विल्किन्स यांनी मांडला आणि आशा कॅन्सरवर खिळल्या. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात रक्तातील प्रथिनांच्या आलेखावरून अंडाशयाचा कॅन्सर ओळखल्याचा दावा आला: ५० पैकी ५० रुग्ण अचूक. नंतर संख्याशास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. आलेखांतले फरक आजाराऐवजी नमुने हाताळण्यातून आले असावेत, अशी दाट शंका पुढे आली. ज्या बायकांनी त्या बातमीवर आशा ठेवली असेल, त्यांची आठवण आली की अजून वाईट वाटते.

जंतूंच्या बाबतीत मात्र गणित जुळले. त्यांच्या पेशीत रायबोसोमची (प्रथिने बनवणाऱ्या सूक्ष्म यंत्रणेची) प्रथिने भरपूर असतात. लेझरने उडालेली ही प्रथिने निर्वात नळीतून धावतात, हलकी आधी पोचतात, जड मागाहून. वेळांचा तो आलेख साठवलेल्या आलेखांशी ताडला, की नाव मिळते. अमेरिकेत २०१३ मध्ये अशा यंत्रांना मान्यता मिळाली. ई. कोलाय आणि शिगेला हे जंतू एकमेकांच्या इतके जवळचे, की तिथे यंत्र अडखळते. आणि कोणते अँटिबायोटिक लागू पडेल, हे कळायला बहुतेक वेळा अजूनही प्लेटवर जंतू वाढण्याची वाट पाहावी लागते.