'नाही पटत तर सोडून जा ना' या युक्तिवादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा 9 तासांवरून 12 वर न्यायला मंजुरी दिली, दुकानं-आस्थापनांसाठी 9 चे 10 केले, आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची कमाल 144 तासांवर नेली. बातम्यांमध्ये एक ओळ आवर्जून होती, की जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. आणि मग सगळी भांडणं त्या एका ओळीवर. एक बाजू म्हणते ज्याला जास्त कमवायचंय त्याला कमवू द्या, सही तोच करणार आहे, तुमच्या पोटात का दुखतंय. दुसरी म्हणते सुपरवायझर फॉर्म घेऊन समोर उभा असताना सही नाकारून दाखवा. नारायण मूर्ती 2023 मध्ये आठवड्याला 70 तासांबद्दल बोलले आणि 2025 च्या सुरुवातीला एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90 तासांबद्दल, तेव्हाही हेच, आणि 10 मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या पोरांवरून वाद होतो तेव्हाही हेच. कोणी जबरदस्ती केलीये का, नाही पटत तर सोडून जा.

हे वाक्य अ‍ॅप आणि स्टार्टअपवाल्यांनी शोधलंय असं वाटत असेल तर जरा मागे जाऊ, कारण कोर्टाच्या कागदावर ते जवळपास 190 वर्षांपूर्वीच सापडतं.

1837, इंग्लंड. प्रिस्टली नावाचा एक पोरगा फाउलर नावाच्या खाटकाकडे कामाला. मालकाच्या सांगण्यावरून माल घेऊन निघाला, गाडीत प्रमाणाबाहेर वजन भरलेलं, गाडी मोडली आणि पोराची मांडी मोडली. ज्युरीने 100 पौंड भरपाई दिली पण वरच्या कोर्टात लॉर्ड अ‍ॅबिंजरनी ती उडवली. म्हणणं असं की नोकराला धोका दिसत असेल तर त्याने काम नाकारावं, गाडी जास्त भरलीये हे मालकापेक्षा त्यालाच जास्त कळणार. 5 वर्षांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात रेल्वेवरच्या एका कामगाराची केस आली, दुसऱ्या कामगाराच्या चुकीने गाडी रुळावरून उतरली आणि याचा हात गेला. न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी सांगितलं की धोक्याच्या कामाला पगार जास्त असतो, म्हणजे धोक्याची किंमत पगारात आलीच, त्याने ती समजून उमजून घेतली. हा तर्क कागदावर फार स्वच्छ दिसतो, म्हणूनच तो इतका टिकला. आपल्याकडे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनचा कायदा 1923 चा, तो 1 जुलै 1924 पासून लागू झाला आणि त्यानंतर अपघातात मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. तरी 'सहकाऱ्याच्या चुकीला मालक जबाबदार नाही' हा बचाव भारतात कायद्याने नीट बंद व्हायला 1938 उजाडलं. म्हणजे 1837 च्या त्या मांडीचा हिशेब आपल्याकडे 100 वर्षं चालू होता.

आता मुंबई. गिरण्या 1850 च्या दशकात सुरू झाल्या, 1875 मध्ये सरकारने चौकशी कमिशन नेमलं, सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या लोकांनी कायद्यासाठी धडपड केली आणि 1881 चा फॅक्टरी अ‍ॅक्ट आला. त्यात काय होतं? 7 वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि 7 ते 12 च्या मुलांना 9 तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. मोठ्या माणसांबद्दल जवळपास काहीच नाही. यामागे ठरलेली समजूत होती, की मूल अजाण, बाई अबला, त्यांच्यासाठी कायदा मध्ये पडला तर चालेल, पण मोठा पुरुष स्वतःचं बरंवाईट स्वतः बघतो, त्याच्या आणि मालकाच्या करारात सरकारने नाक खुपसायचं नाही. गंमत अशी की तेव्हाची बरीच देशी वर्तमानपत्रंही या कायद्यांच्या विरोधात होती, कारण लँकेशायरचे गिरणीमालक मुंबईची स्पर्धा मोडायला लंडनमध्ये दबाव आणतायत हे त्यांना दिसत होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त त्या भांडणात 12-14 तास उभा असलेला माणूस कोणाच्याच बाजूला नव्हता.

त्याच्या बाजूने उभे राहिले ते नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. 1884 मध्ये सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचं निवेदन त्या वर्षीच्या फॅक्टरी कमिशनला दिलं. मागण्या वाचल्या तर मला तरी त्यात स्वातंत्र्याचा प्रश्न स्पष्ट दिसतो. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात, आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार. यातली पगाराची तारीख वरवर किरकोळ वाटते, पण पगार थकवून ठेवला की 'सोडून जा' याला अर्थ राहत नाही, सोडलं की मागचे पैसे गेले. त्यात गिरण्यांमध्ये डबल खाडा चालायचा, म्हणजे एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापणार. दार उघडंच होतं, फक्त बाहेर पडायचे पैसे पडत होते. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे 10 हजार कामगार जमले आणि जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, बायकांना 11 तासांची मर्यादा आली, पुरुषांचे तास मात्र तसेच मोकळे. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचीही अडचण राहिली नाही, तेव्हा कुठे 1911 मध्ये कापड गिरण्यांतल्या पुरुषांना 12 तासांची मर्यादा मिळाली. पुढे 1922 मध्ये 11, 1934 मध्ये 10, आणि 1946 मध्ये आठवड्याला 48 तास, त्या दुरुस्तीच्या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरखातं डॉ. आंबेडकरांकडे होतं.

(अमेरिकेत नेमकं उलटं घडत होतं. न्यूयॉर्कने पाव भाजणाऱ्या बेकरी कामगारांसाठी दिवसाला 10 तासांची मर्यादा घातली, तर 1905 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ती रद्द केली, कामगाराच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून! ती लाइन मोडायला 1937 उजाडलं.)

आणि ज्यांना वाटतं की तेव्हा निदान सगळ्यांना सारखं स्वातंत्र्य होतं, त्यांनी 1859 चा वर्कमन्स ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट बघावा. उचल घेतलेल्या कारागिराने किंवा मजुराने काम अर्धवट सोडलं तर मॅजिस्ट्रेट त्याला काम पुरं करायचा हुकूम देऊ शकत होता, आणि तो मोडला तर 3 महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर दिवाणी दावा, मजुराने मोडला तर तुरुंग. हा कायदा रद्द झाला 1925 मध्ये. करारात शिरताना माणूस स्वतंत्र आणि बाहेर पडताना गुन्हेगार, हे साठ-पासष्ट वर्षं चाललं आणि 'करार स्वातंत्र्य'वाल्यांना त्यात फारसं काही खटकलं नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते.

आंबेडकरांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलहाचं बिल आलं, त्यात काही संप बेकायदा ठरवून शिक्षा होती. आंबेडकरांचं म्हणणं होतं की संप म्हणजे आपण कोणत्या अटींवर काम करणार हे ठरवायचं स्वातंत्र्य, त्याला शिक्षा करणं म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबवणं. 7 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. पुढे 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी विचारलं, की बेकार माणसासमोर एका बाजूला कसलीतरी नोकरी ठेवली, कामाचे तास ठरलेले नाहीत, युनियनमध्ये जायला बंदी, आणि दुसऱ्या बाजूला त्याचे मूलभूत हक्क, तर तो काय निवडेल? सरकारने हात काढून घेतला की उरतं त्याला लोक स्वातंत्र्य म्हणतात, पण ते खाजगी मालकाच्या हुकूमशाहीचं दुसरं नाव, असं त्यांनी सरळ लिहिलंय.

हाच धागा 1982 मध्ये सुप्रीम कोर्टात निघाला. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती, मजुरांना किमान वेतनापेक्षा कमी मिळत होतं. न्या. भगवतींनी सांगितलं की भूक आणि गरिबी हीसुद्धा जबरदस्तीच, किमान वेतनाखाली राबणारा माणूस राजीखुशीने राबतोय असं धरता येणार नाही, ती घटनेच्या कलम 23 खालची वेठबिगारी.

पण आजच्या अ‍ॅपच्या भांडणाच्या सगळ्यात जवळ येतात त्या विडी कामगारांच्या केसेस, आणि त्या आपल्याकडच्याच आहेत. नागपूरच्या एका विडी कारखान्यात कामगार हवं तेव्हा यायचे, हवं तेव्हा जायचे, पैसे हजार विड्यांच्या हिशेबाने. त्यांनी भरपगारी रजेचे पैसे मागितले तर मालक म्हणाला हे आमचे कामगारच नाहीत, स्वतःच्या मर्जीचे मालक आहेत. सुप्रीम कोर्टाने बघितलं की दुपारनंतर आलेल्याला काम देत नाहीत, हजेरी लागते, वाईट विडी मालक नाकारू शकतो, म्हणजे ताबा आहे, म्हणून हे कामगारच. आणि जवळपास त्याच काळात महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका विडी कारखान्याच्या केसमध्ये त्याच कोर्टाने बहुमताने उलट निकाल दिला, की येण्याजाण्याची वेळ त्याच्या हातात आहे तर तो कामगार नाही! शेवटी संसदेने 1966 मध्ये विडी कामगारांसाठी वेगळा कायदा केला. 'लॉगइन कधी करायचं हे तुमच्या हातात' हे वाक्य आलं की मला ते नागपूरचे लोक आठवतात.

2021 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने उबरच्या ड्रायव्हरांबद्दल जवळजवळ हीच तपासणी केली. भाडं कोण ठरवतं, कराराच्या अटी कोण लिहितं, राइड नाकारल्या तर काय होतं, रेटिंग पडलं तर काय होतं. सगळ्याचं उत्तर उबर, म्हणून ते किमान वेतन आणि रजेचे हक्क असलेले कामगार ठरले. कॅलिफोर्नियात उलट. तिथे कंपन्यांनी 2020 मध्ये 20 कोटी डॉलरच्या वर खर्च करून सार्वमतातून ड्रायव्हरांना स्वतंत्र कंत्राटदारच ठेवलं, आणि 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ते कायम केलं. त्या प्रचाराला ड्रायव्हरांचाही पाठिंबा होता हे विसरून चालत नाही. कॉलेज करून संध्याकाळी दोन तास गाडी फिरवणाऱ्या पोराला खरंच वेळेची मोकळीक हवी असते, त्याची निवड खरी आहे. बाइकचा हप्ता, खोलीभाडं आणि गावचं घर त्याच अ‍ॅपवर चालवणाऱ्याची निवड मात्र तशी नाही, आणि नियम दोघांना एकच. वादात दोन्ही बाजू आपापला माणूस पुढे करतात.

यावर महाराष्ट्राकडे 1969 पासून एक उत्तर पडून आहे, ज्याकडे टेकवाले फारसे बघत नाहीत. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून झालेला माथाडी कायदा. हमालाला एक मालक नसतो, टोळी आज या व्यापाऱ्याकडे तर उद्या त्या, तेव्हा मालक कोण हा प्रश्न सोडवत बसण्यापेक्षा बोर्ड काढलं, ज्यात सरकार, मालक, कामगार तिघेही. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा आकार, बोर्डात भरायची, बोर्ड त्यातून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी बघणार. कामगाराने अमक्याचाच नोकर असायची गरज नाही. बोगस माथाडी आणि वसुलीच्या तक्रारीही याच व्यवस्थेत झाल्या, तोही इतिहास आहे, पण कल्पना पक्की होती.

केंद्राच्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत (लागू झाली नोव्हेंबर 2025 मध्ये) गिग कामगाराची, म्हणजे अ‍ॅपवरून सुटी कामं घेणाऱ्यासारख्याची, व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेरचा अशी आहे, आणि अ‍ॅप कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के निधीत भरायचे आहेत. म्हणजे लेव्ही आली, पण माथाडीसारखं मजुरीच बोर्डातून जाणं नाही, आणि कामाचे तास, किमान दर, रजा यांचं त्यात काही नाही. राजस्थानने 2023 मध्ये पहिला राज्य कायदा केला. कर्नाटकच्या 2025 च्या कायद्यात मला जास्त रस आहे, कारण तिथे कंपनीला कामगाराचं काम बंद करायच्या आधी लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते. डबल खाडा जाऊन आयडी ब्लॉक, म्हणजे अ‍ॅपवरचं खातंच बंद करणं, आला होता, त्यावर निदान एका राज्याने हात घातलाय. आपल्याकडच्या लेखी संमतीच्या फॉर्मबद्दल मलाही एवढंच विचारायचंय, की ज्याने सही केली नाही त्याला पुढच्या महिन्यात कोणती शिफ्ट मिळते हे कोण बघणार.