कँडी केनचा पांढरा रंग कुठून येतो?

कँडी केन म्हणजे नाताळातली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, वाकवलेल्या टोकाची पेपरमिंटची कांडी. डिसेंबर उजाडला की तिच्याबद्दलचा एक निरोप व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. तिचा पांढरा रंग म्हणजे येशूचं पावित्र्य, लाल पट्टे म्हणजे त्याचं रक्त आणि काठी उलटी धरली की त्याच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ‘जे’. सोबत १६७० सालच्या, जर्मनीतल्या कलोन शहरातल्या कॅथीड्रलची गोष्टही असते. नाताळच्या प्रार्थनेत मुलं चुळबुळ करायची, म्हणून तिथल्या गायनप्रमुखाने मेंढपाळाच्या काठीसारख्या वाकवलेल्या साखरेच्या कांड्या वाटल्या, अशी ती गोष्ट. तिला त्या काळातला एकही पुरावा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या नाताळच्या शुभेच्छापत्रांवर तर ही काठी साधी पांढरीच दिसते. कुणी श्रद्धेने त्यात अर्थ पाहिला तर तो आदराने ऐकावा, पण इतिहास म्हणून पुढे ढकलू नये.

पट्ट्यांच्या सरळ कांड्यांचा इतिहास मात्र पक्का आहे. स्वीडनमधल्या ग्रेन्ना गावी अमालिया एरिक्सन या विधवा बाईने १८५९ साली परवाना मिळवून पेपरमिंटच्या लाल-पांढऱ्या कांड्या विकायला सुरुवात केली. त्यांना तिथे पोल्काग्रिस म्हणतात आणि त्या अजूनही हाताने वळल्या जातात.

मला यातला पांढरा रंग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण तो रंग नाहीच.

साखरेचा पाक सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत नेला की पाणी जेमतेम २-३ टक्के उरतं. तो थंड होताना साखरेच्या रेणूंना ओळीने बसायला सवड मिळाली, तर स्फटिक होतात. आपल्या पाडव्याच्या गाठी अशाच स्फटिकांच्या. पण पाकात ग्लुकोज किंवा थोडं आम्ल असेल तर ही रांग बिघडते. पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो, ते याचसाठी. मग रेणू जिथल्या तिथे गोठतात आणि साखरेची काच होते. पारदर्शक, किंचित पिवळसर.

हा गोळा गरम, लवचीक असतानाच आकड्याला अडकवून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. प्रत्येक घडीत थोडी हवा कोंडली जाते आणि थर दुप्पट होतात. १० घड्यांत १,०२४, तर २० घड्यांत दहा लाखांहून अधिक! बुडबुडे ताणले जाऊन केसासारख्या बारीक नळ्या होतात.

आता प्रकाशाकडे वळू. साखरेच्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे १.५, हवेचा १. दोन्हींच्या सीमेवर सरळ पडलेल्या प्रकाशाचा साधारण ४ टक्के भाग मागे फिरतो, कारण (०.५ ÷ २.५) चा वर्ग ०.०४ येतो. एका सीमेवर हे जाणवणारही नाही. पण अशा शंभर सीमा ओलांडल्या की ढोबळमानाने ०.९६ चा शंभरावा घात, म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी प्रकाश सरळ पुढे जातो. बाकीचा इकडेतिकडे विखुरतो, आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. म्हणून डोळ्यांना पांढरं दिसतं. लाल साबणाचा फेसही पांढरा असतो, तो याच कारणाने.

पट्टेही नंतर रंगवत नाहीत. जाड पांढऱ्या लोडावर लाल पाकाच्या पट्ट्या चिकटवतात आणि तो लोड पीळ देत ओढतात. १० सेंटिमीटर जाडीचा लोड १ सेंटिमीटरवर आणला तर लांबी शंभरपट होते, पट्ट्यांची रुंदी एक दशांश उरते, पण लाल-पांढऱ्याचं प्रमाण तसंच राहतं. काठीचा वाक मात्र बराच काळ हातानेच द्यावा लागे आणि त्यात पुष्कळ काठ्या मोडत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मिठाईचा कारखाना चालवणाऱ्या बॉब मॅककॉर्मक यांचे मेहुणे ग्रेगरी केलर हे धर्मगुरू होते. त्यांनी १९५०च्या दशकात या कामासाठी यंत्र बनवलं.

तोंडातला गारवाही थंडीचा नव्हे. पेपरमिंटमधलं मेंथॉल मज्जातंतूंवरच्या टीआरपीएम८ या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चाळवतं. हाच ग्राहक खऱ्या थंडीची वर्दी मेंदूला देतो. तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं.

कँडी केन मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत उघडी ठेवली तर आधी चिकट होते. हवेतलं पाणी शिरलं की साखरेची काच कमी तापमानालाच मऊ पडते, रेणूंना हलायला जागा मिळते आणि ते पुन्हा रांगेत बसू लागतात. काही दिवसांनी ती चावून बघा, कडकडीत काचेऐवजी दाताखाली गाठीसारखी रवाळ साखर येईल.