सिस्टमसीटीएलमागचं राजकारण: सर्व्हिसची कमांड कशी बदलली

आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर एखादी सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारं काम, उदा. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर) पुन्हा सुरू करायला 'सिस्टमसीटीएल रीस्टार्ट एन्जिनएक्स' असं टाइप करतात. २०१४ च्या आसपासच्या मशीनवर हेच 'सर्व्हिस एन्जिनएक्स रीस्टार्ट' होतं. जुन्या हातांची ती सवय अजून सुटलेली नाही आणि बऱ्याच ठिकाणी ती कमांड चालतेही. फक्त आतून ती काम सिस्टमसीटीएलकडे ढकलते.

मशीन सुरू होताना सर्व्हिस चालू करण्याची त्याआधीची पद्धत म्हणजे सिस्टम फाइव्ह: इनिट.डी फोल्डरमध्ये शेल स्क्रिप्ट, रनलेव्हलच्या (मशीनच्या अवस्थेच्या) फोल्डरमध्ये सुरू करायला एस२० किंवा थांबवायला के८० अशा नावांच्या लिंक्स. तिचं खरं दुखणं पीआयडी फाइल हे होतं. डीमन (सर्व्हिसचा पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) सुरू होताना आपला प्रोसेस नंबर, म्हणजेच पीआयडी, एका फाइलमध्ये लिहायचा, आणि थांबवताना स्क्रिप्ट तो नंबर वाचून सिग्नल पाठवायची. डीमन मध्येच मेला की फाइल तशीच पडून राहायची. तोवर तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला असेल, तर भलतीच प्रोसेस मारली जायची.

या पद्धतीच्या जागी २००६ मध्ये उबंटू ६.१० या लिनक्स आवृत्तीत अपस्टार्ट आलं. २०१० मध्ये त्याच कामासाठी सिस्टमडी जाहीर झालं (सिस्टमसीटीएल ही त्याचीच कमांड) आणि पुढच्याच वर्षी फेडोरा १५ या लिनक्सने ते डीफॉल्ट केलं. मग प्रश्न उरला डेबियन या आणखी एका लिनक्सचा, आणि तिथे जे झालं ते अजून काहींना पचलेलं नाही.

२०१३ च्या शेवटी हा वाद डेबियनच्या तांत्रिक समितीसमोर गेला. वरवर पाहता प्रश्न एवढाच होता की पुढच्या आवृत्तीत पीआयडी १ म्हणून, म्हणजे सगळ्यात आधी सुरू होऊन बाकीच्यांना सुरू करणारी प्रोसेस म्हणून, कोण बसणार. प्रत्यक्षात समितीच्या हाती फार काही उरलं नव्हतं, असं माझं मत. ग्नोम डेस्कटॉप तोवर लॉगिनडीवर (युजरच्या लॉगिनचा हिशेब ठेवणाऱ्या सिस्टमडीच्या भागावर) टेकलेला होता, आणि २०१३ पासून लॉगिनडी सिस्टमडीशिवाय नीट चालेना. दुसरीकडे अपस्टार्टला कोड द्यायचा तर एका कंपनीच्या करारावर सही करावी लागे. तो करार कंपनीला हवा तसा परवाना बदलण्याची मुभा देत होता. अनेकांना ते नको होतं.

तांत्रिक फरकही मोठा होता. डीमन किती वेळा फोर्क करतो (स्वतःची नक्कल असलेली नवी प्रोसेस काढतो), हे अपस्टार्टला फाइलमध्ये आधीच सांगावं लागे. ते चुकलं की अपस्टार्ट भलत्याच पीआयडीमागे लागे आणि स्टॉप कमांड अडकून बसे. पुष्कळदा रीबूटशिवाय सुटका नसे. सिस्टमडी सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सीग्रुप नावाच्या एका गटात ठेवतं, त्यामुळे कुणी कितीही फोर्क केलं तरी निसटत नाही. विरोधकांचा एक मुद्दा मात्र रास्त होता: सिस्टमडी फक्त लिनक्सवर चालतं, आणि डेबियन तेव्हा फ्रीबीएसडीच्या कर्नलवरही बनत होतं.

फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ जणांनी मतं दिली. सिस्टमडी की अपस्टार्ट, यावर चार-चार अशी बरोबरी झाली. अध्यक्षांचं निर्णायक मत सिस्टमडीला गेलं. लिनक्ससाठी डीफॉल्ट सिस्टमडी, इतर कर्नलना सूट. तीनच दिवसांत उबंटूनेही अपस्टार्ट सोडत असल्याचं जाहीर केलं. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबंटू १५.०४, दोन्ही सिस्टमडीसह बाहेर पडले. नाराजांपैकी काहींनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव देव्हुआन. पहिली स्थिर आवृत्ती २०१७ ची. डिसेंबर २०१९ मध्ये डेबियनमध्ये याच विषयावर पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

सिस्टमसीटीएल स्वतः मात्र हळूहळू सुधारत गेलं. 'इनेबल' म्हणजे पुढच्या बूटला सुरू हो आणि 'स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू हो, ही फारकत चेककॉन्फिग या जुन्या कमांडपासूनचीच आहे. सर्व्हिस स्टार्ट करून इनेबल करायला विसरलेला माणूस काही महिन्यांनी रीबूट झाल्यावर सापडायचा. 'नाऊ' हा ऑप्शन २०१५ मध्ये आल्यावर दोन्ही एकाच ओळीत होऊ लागलं. 'मास्क'चं काम वेगळं: युनिटची, म्हणजे सर्व्हिसच्या फाइलची, लिंक थेट डेव्ह-नल या रिकाम्या फाइलकडे, त्यामुळे दुसऱ्या सर्व्हिसने ओढलं तरी ते सुरू होत नाही.

आणि मग २०१६. सिस्टमडीच्या आवृत्ती २३० ने लॉगआउट होताच युजरच्या उरलेल्या सगळ्या प्रोसेस मारायचं डीफॉल्ट केलं. लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणाऱ्या स्क्रीन आणि टीमक्सची सेशन्स गेली, नोहप लावून सोडलेली कामंही. डेबियनने आपल्या पॅकेजमध्ये ते डीफॉल्ट परत फिरवलं.