तायक्वांदो: लढाऊ विद्येचा खेळ कसा झाला

ऑलिंपिकमधली तायक्वांदोची लढत पाहताना आधी डोळ्यांत भरतात ते खाली सोडलेले हात. चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी आहे, मग हात वर धरायचे कशाला? कमरेखाली लाथ चालत नाही आणि धरून पाडताही येत नाही. 'मूळची लढाऊ विद्या जपा' म्हणणाऱ्या प्रशिक्षकांची तक्रार इथूनच सुरू होते. पण ते ज्याला मूळ म्हणतात, ते फार जुनं नाही.

जपानच्या ताब्यातल्या (१९१०–१९४५) कोरियातून शिकायला जपानला गेलेले काही तरुण कराटे शिकून परतले. त्यांतले ली वॉन-कुक हे जपानमधले कराटेचे नामवंत गुरू गिचिन फुनाकोशी यांचे शिष्य. त्यांनी १९४४ मध्ये सोलमध्ये 'चुंग दो क्वान' सुरू केलं. स्वातंत्र्यानंतर अशी आणखी क्वान, म्हणजे घराणीच म्हणा, उभी राहिली. दोन हजार वर्षांच्या अखंड परंपरेची कथा नंतर जोडली गेली. तिच्यात राष्ट्राभिमान जास्त आणि पुरावा कमी.

लढाऊ धार चढली ती सैन्यात. कोरियन युद्ध थांबल्यावर जनरल चोई होंग-ही यांनी ही विद्या जवानांच्या प्रशिक्षणात आणली. १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांच्यापुढे झालेल्या प्रात्यक्षिकात नाम ते-ही यांनी एका ठोशात १३ कौलं फोडली. पुढच्याच वर्षी 'तायक्वांदो' हे नाव ठरलं. १९६२ मध्ये नाम यांचं पथक दक्षिण व्हिएतनामच्या सैनिकांना शिकवायला गेलं. तिथे गुण मोजायला कुणी बसलेलं नव्हतं.

घराणी एकत्र आणण्याचा सरकारी रेटा सुरू झाला, तेव्हा 'मू दुक क्वान'चे ह्वांग की अडून बसले. आपली कला म्हणजे स्पर्धेचा खेळ नव्हे, ही त्यांची भूमिका. त्यांचे बरेच शिष्य सरकारी बाजूला गेले. उरलेल्यांची परंपरा तांग सू दो आणि सू बाक दो या नावांनी टिकली. दक्षिण कोरियातल्या ओसानच्या हवाई तळावर नोकरीला असताना हॉलिवूडचा अभिनेता चक नॉरिस शिकला ती हीच तांग सू दो.

चोई यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ काढला, पण तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्याशी बिनसल्यावर १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. १९७३ मध्ये किम उन-योंग यांच्या अध्यक्षतेखाली सोलमध्ये दुसरा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्याची नजर ऑलिंपिकवर होती. १९८८ मध्ये सोलला प्रात्यक्षिक आणि २००० मध्ये सिडनीला पदकं. चोईंच्या शाखेत चेहऱ्यावर ठोसा चालतो, म्हणून ती अधिक 'खरी' असं तिचे अनुयायी सांगतात. ठोशाचा जोर तिथेही आवरताच घ्यावा लागतो, हे मात्र सहसा सांगत नाहीत.

माझ्या मते, विद्या बदलली ती गुणांच्या हिशेबाने. छातीवर ठोसा १ गुण, लाथ २. डोक्यावर लाथ ३, तीच गिरकी घेऊन मारली तर ५. पूर्वी समोरच्याचं अंग हादरलेलं पंचांना दिसावं लागे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून छातीवरच्या चिलखतातला सेन्सर निकाल देऊ लागला आणि पुढचा पाय उचलून नुसतं टोचत राहणं फायद्याचं ठरलं. पट्ट्याच्या परीक्षेतल्या साचेबद्ध प्रकारांत अजूनही कोपर आणि गुडघ्याचे प्रहार आहेत. 'तेगुक' या त्यांच्या मालिकेतल्या पाचव्यात कोपर, सातव्यात गुडघा. स्पर्धेत मात्र त्यांतला एकही चालत नाही.