समाजकार्य केलेल्या विद्यार्थ्यांसाठी रोटरीची ग्लोबल ग्रँट शिष्यवृत्ती: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा खरा क्रम

दरवर्षी मे उजाडला की असे फोन सुरू होतात. "सर, सप्टेंबरमध्ये कोर्स सुरू होतोय, रोटरीची स्कॉलरशिप मिळेल का?" पलीकडची मुलगी हुशार असते, गावात मनापासून काम केलेलं असतं, विद्यापीठाचं प्रवेशपत्रही हातात असतं. तरी सांगावं लागतं की यंदा जमणं अवघड आहे. कमी पडलेला असतो तो फक्त वेळ. मी बरीच वर्षं महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचं काम पाहिलं, नंतर रोटरीच्या शिष्यवृत्ती मुलाखतींना बसलो. हे फोन सप्टेंबरात यायला हवेत असं फार वाटतं, म्हणून सगळं एकत्र लिहितो आहे.

ही शिष्यवृत्ती परदेशात पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन करण्यासाठी आहे. कालावधी एक ते चार शैक्षणिक वर्षं. पैसे देते रोटरी फाउंडेशन, म्हणजे रोटरी या सेवाभावी क्लबांच्या जागतिक संघटनेची निधी सांभाळणारी संस्था. 1917 साली या फाउंडेशनची कल्पना मांडली गेली आणि पहिली देणगी आली ती साडेसव्वीस डॉलरची. 1947 मध्ये रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस गेले, त्यांच्या स्मरणार्थ देणग्यांचा ओघ लागला आणि त्याच सुमारास पहिल्या 18 विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्यात आलं. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्त झालेल्या जपानच्या सादाको ओगाता तरुणपणी रोटरीच्याच फेलोशिपवर अमेरिकेत शिकल्या होत्या.

घरातली एखादी मोठी व्यक्ती "आमच्या वेळी अँबॅसॅडोरियल स्कॉलरशिप होती" असं सांगेल. रोटरीची ती जुनी शिष्यवृत्ती 2013 मध्ये बंद झाली. तिचे नियम आता लागू नाहीत, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

कोण अर्ज करू शकतं

पदवी पूर्ण झालेली किंवा शेवटच्या वर्षात असलेली कोणीही व्यक्ती, जिला परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेश मिळाला आहे किंवा मिळणार आहे. बारावीनंतर परदेशी जाणाऱ्यांना ग्लोबल ग्रँट मिळत नाही. त्यांच्यासाठी वेगळा मार्ग आहे, तो शेवटी सांगतो.

विषय मात्र रोटरीच्या सात कार्यक्षेत्रांपैकी एकात बसायलाच हवा: शांतता आणि संघर्ष निवारण, रोगप्रतिबंध आणि उपचार, पाणी व स्वच्छता, माता-बाल आरोग्य, मूलभूत शिक्षण व साक्षरता, समुदायाचा आर्थिक विकास आणि पर्यावरण. पर्यावरण हे क्षेत्र 2021 पासून आलं.

सर्वांत जास्त अर्ज इथेच गळतात. संगणकशास्त्रात एमएस करणारा विद्यार्थी "मी शिक्षणासाठी ॲप बनवेन" असं एक वाक्य जोडतो आणि अर्ज साक्षरतेच्या क्षेत्रात टाकतो. समिती कोर्सची विषययादी उघडते. त्यात शिक्षणाशी संबंधित एकही पेपर नसतो. समितीला तीन गोष्टी एका रेषेत हव्या असतात: आजवर काय केलं, आता काय शिकणार, पुढे त्याच क्षेत्रात काय करणार. मधली एक जरी तुटली तर गुण कितीही असोत, अर्ज पुढे सरकत नाही.

रोटरी क्लबचे सभासद, रोटरीचे कर्मचारी, त्यांचे पती-पत्नी, मुलं, नातवंडं, मुला-नातवंडांचे जोडीदार, आई-वडील आणि आजी-आजोबा यांना ही शिष्यवृत्ती घेता येत नाही. सभासदत्व सोडल्यावरही 36 महिने ही मनाई राहते. वडील रोटेरियन असतील तर हे आधीच पाहून घ्या. मुलाखत झाल्यावर हे उघड झालं की सगळ्यांचंच मन खट्टू होतं. काका किंवा मामा रोटेरियन असतील तर अडचण नाही, फक्त ते निवड समितीत बसू शकत नाहीत. रोटरॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुणांसाठीच्या क्लबांमध्ये काम करणारी मुलंमुली, रोटरी क्लबचे सभासद नसतील तर, अर्ज करू शकतात.

समाजकार्य म्हणजे काय दाखवायचं

एका मुलाखतीला एक मुलगा जाडजूड फाईल घेऊन आला होता. रक्तदान, वृक्षारोपण, स्वच्छता फेरी, योग दिन, सगळ्यांची प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या कव्हरात. मुलगा प्रामाणिक होता. "लावलेल्या झाडांपैकी किती जगली?" असं विचारल्यावर तो गप्प झाला, कारण तो त्या जागी पुन्हा गेलाच नव्हता. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की परत जायचं असतं. ही चूक मी त्याच्या शिक्षकांची, म्हणजे आमची मानतो.

त्याच दिवशी एक मुलगी आली. तिच्याकडे शंभर पानी वही होती, कोपरे दुमडलेले. सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात ती पुरंदर तालुक्यातल्या एका गावात गेली होती. शिबिर संपल्यावरही दर पंधरा दिवसांनी एसटीने जाऊन गावातल्या अकरा विहिरींची पाणीपातळी मोजत राहिली. साधन काय, तर दर हातावर गाठ मारलेला सुती दोर आणि टोकाला दगड. वहीत तारीख, विहीर, गाठींचा आकडा, आणि मध्येच एक नोंद: "आज मोटर चालू होती, उद्या परत बघणे." जल व्यवस्थापनात तिला मास्टर्स करायचं होतं. समितीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी ती वही दहा मिनिटं चाळली आणि तिला फारसे प्रश्न विचारलेच नाहीत.

म्हणून सेवा योजनेतल्या विद्यार्थ्यांना सांगतो, दोन वर्षांचे 240 तास आणि शिबिराचं प्रमाणपत्र जरूर जोडा, पण अर्जाचा भार त्यावर टाकू नका. एकाच ठिकाणी टिकून केलेलं काम, त्याच्या नोंदी, ग्रामपंचायतीचं किंवा आशाताईंचं किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांचं चार ओळींचं पत्र, याचं वजन जास्त. पत्र मराठीत असलं तरी चालतं, सोबत इंग्रजी भाषांतर लावा.

पैशाचं गणित

हे गणित विद्यार्थ्याला कोणी समजावत नाही, आणि ते समजल्याशिवाय निवड इतकी कडक का असते हे कळत नाही.

ग्लोबल ग्रँटचं अंदाजपत्रक किमान 30,000 डॉलरचं असावं लागतं. यातला एक वाटा डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या रोटरी क्लबांच्या गटाच्या, राखीव निधीतून येतो आणि त्यावर फाउंडेशनचा जागतिक निधी 80 टक्के भर घालतो. म्हणजे डिस्ट्रिक्टने 10,000 डॉलर दिले तर वरून 8,000 मिळतात. किमान 30,000 गाठायला डिस्ट्रिक्टच्या निधीतून सुमारे 16,700 डॉलर लागतात. याच निधीतून डायलिसिस यंत्रं, शाळांची स्वच्छतागृहं, बंधारे हे प्रकल्पही व्हायचे असतात. त्यामुळे वर्षाला मोजक्याच विद्यार्थ्यांना संधी मिळते. जिथे शिकायला जाणार त्या देशातल्या डिस्ट्रिक्टने थोडा वाटा उचलला तर इथल्यांचं ओझं हलकं होतं आणि तुमची शक्यता वाढते.

जिथे फी नगण्य असते, उदाहरणार्थ जर्मनीतली बरीच सरकारी विद्यापीठं, तिथे एका वर्षाचा खर्च 30,000 डॉलरच्या खाली राहतो. अशा वेळी दोन्ही वर्षांचा राहण्या-जेवण्याचा खर्च, विमानप्रवास, व्हिसा, पुस्तकं हे सगळं धरून अंदाजपत्रक मांडा. या सर्व बाबींना ग्रँटमधून पैसे मिळतात, गरज असल्यास भाषेच्या शिकवणीलाही. ग्रँट मंजूर होण्याआधी केलेला खर्च मात्र परत मिळत नाही. तिकीट आधी काढलं तर ते स्वतःच्या खिशातून.

फाउंडेशन या अर्जासाठी विद्यार्थ्याकडून शुल्क घेत नाही. "रोटरीची स्कॉलरशिप करून देतो" म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथून निघून या.

अर्जाचा क्रम

विद्यार्थी थेट फाउंडेशनकडे अर्ज करू शकत नाही. दोन प्रायोजक लागतात: एक तुमच्याकडचा क्लब किंवा डिस्ट्रिक्ट, दुसरा जिथे शिकायला जाणार त्या देशातला. दुसऱ्याला यजमान म्हणतात.

इथला डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला महसुली जिल्हा नव्हे. पुणे आणि रायगड 3131 मध्ये येतात, मुंबई 3141 मध्ये, ठाण्याकडचा भाग 3142 मध्ये. नाशिक आणि नागपूर 3030 मध्ये. कोल्हापूर आणि गोवा 3170 मध्ये. आपण कायमचे राहतो किंवा शिकतो तिथल्या क्लबकडे जायचं. तालुक्याच्या गावीही बहुधा क्लब असतो, आणि माझ्या अनुभवात लहान गावचे क्लब आपल्या मुलीसाठी जास्त धावपळ करतात.

सप्टेंबरात क्लबला भेटा, कार्यक्षेत्र आणि दोन-तीन कोर्स ठरवा. डिसेंबरपर्यंत विद्यापीठांचे अर्ज जाऊ द्या. डिस्ट्रिक्टच्या मुलाखती साधारण याच सुमारास ते पुढच्या दोन-तीन महिन्यांत होतात. प्रत्येक डिस्ट्रिक्टची तारीख वेगळी, ती क्लबकडूनच कळते. प्रवेशपत्र आलं की यजमान शोधायचा. यात सर्वांत जास्त वेळ जातो. विद्यापीठ ज्या शहरात आहे तिथल्या डिस्ट्रिक्टच्या शिष्यवृत्ती प्रमुखांना आपल्या डिस्ट्रिक्टने पत्र लिहायचं असतं. उत्तर यायला कधी तीन दिवस लागतात, कधी सहा आठवडे.

यजमान ठरल्यावर क्लब फाउंडेशनच्या ग्रँट सेंटरमध्ये ऑनलाइन अर्ज उघडतो. तुम्ही माय रोटरी या रोटरीच्या संकेतस्थळावर खातं काढून आपली माहिती भरता, प्रवेशपत्र चढवता. मग दोन्ही बाजूंचे पदाधिकारी ऑनलाइन मान्यता देतात. ऑगस्ट, सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्ससाठी अर्ज पोचण्याची शेवटची तारीख 30 जून. या तारखेच्या भरवशावर राहू नका. फाउंडेशनकडून शंका येतात, त्यांची उत्तरं द्यावी लागतात, व्हिसालाही वेळ लागतो. एप्रिलमध्ये अर्ज गेला तर जीव भांड्यात पडतो.

आणखी एक कारण आहे. रोटरीचं वर्ष 1 जुलैला बदलतं. क्लबचे अध्यक्ष, सचिव, डिस्ट्रिक्टचे प्रमुख म्हणजे गव्हर्नर, सगळे नवे येतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीची फाईल अशीच अडकली. जुन्या अध्यक्षांनी तोंडी होकार दिला होता, नव्यांना काही ठाऊक नव्हतं, आणि मान्यतेची ईमेल बंद झालेल्या खात्यावर जात राहिली. ती मुलगी त्या वर्षी गेली नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: होकार ईमेलवर घ्या, आणि पुढच्या वर्षीच्या अध्यक्षांनाही त्याची प्रत पाठवा. त्यांचं नाव क्लबला महिनोन्महिने आधी माहीत असतं.

कागदपत्रं

- किमान पूर्ण अभ्यासकाळ वैध असलेला पासपोर्ट.
- दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र; निकाल बाकी असेल तर महाविद्यालयाचं पत्र.
- विद्यापीठाचं प्रवेशपत्र. "आर्थिक तरतूद दाखवल्यावर प्रवेश पक्का" अशी अट असलेलं पत्र चालतं.
- कोर्सची विषययादी आणि विद्यापीठाने छापलेला खर्चाचा तपशील.
- डॉलरमधलं अंदाजपत्रक, रोटरीने त्या महिन्यासाठी जाहीर केलेल्या विनिमय दराने.
- कार्यक्षेत्राशी जोडलेलं निवेदन, बायोडेटा, दोन शिफारसपत्रं: एक शिक्षकाचं, एक जिथे काम केलं तिथलं.
- भाषा परीक्षेचा निकाल, आणि इतर शिष्यवृत्ती किंवा कर्ज असेल तर त्याची पत्रं.

नाव सगळीकडे एकसारखं आहे ना ते पहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी, आईचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हे आपल्याकडे हमखास होतं. विद्यापीठाच्या अर्जात पासपोर्टवरचंच नाव लिहा.

निवड झाल्यावर

जाण्याआधी डिस्ट्रिक्ट एक मार्गदर्शन सत्र घेतो. तिकडे यजमान क्लब एक समुपदेशक नेमतो. विमानतळावर घ्यायला येणारी, पहिल्या थंडीत कोट कुठे स्वस्त मिळतो हे सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा तीच असते. तिकडच्या क्लबमध्ये जाऊन आपल्या कामाबद्दल बोलणं, त्यांच्या स्थानिक उपक्रमात हात लावणं अपेक्षित असतं. दर 12 महिन्यांनी अहवाल द्यावा लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन महिन्यांत शेवटचा.

ज्यांना हे लागू होत नाही त्यांच्यासाठी

पदवीच्या विद्यार्थ्यांना आणि भारतातच शिकणाऱ्यांना डिस्ट्रिक्ट ग्रँटमधून मदत मिळू शकते. रक्कम लहान असते, पण किमान मर्यादेचं आणि यजमानाचं बंधन नसतं. सगळं डिस्ट्रिक्टच्या निर्णयावर. काही वर्षं नोकरी किंवा संस्थात्मक काम केलेल्यांनी शांतता आणि विकास या विषयांच्या अभ्यासासाठीची रोटरी पीस फेलोशिप पाहावी. तिचं एक केंद्र आता पुण्यात सिंबायोसिस विद्यापीठात आहे. तिचा अर्ज पूर्ण वेगळा असतो.

क्लबच्या पहिल्या भेटीला जाताना फाईल नको, एकच पान न्या. वर आपलं नाव आणि गाव. त्याखाली कुठे, किती महिने, काय काम केलं ते पाच ओळींत. मग कोर्स, विद्यापीठ आणि सातपैकी कोणतं कार्यक्षेत्र. शेवटी अंदाजे खर्च, फोन नंबर आणि विद्यापीठाच्या अर्जाची शेवटची तारीख, ठळक अक्षरात. अशा पाच प्रती काढा, कारण पहिली अध्यक्ष ठेवून घेतात आणि शेजारचे लगेच हात पुढे करतात.