माणसाच्या मरणापासून नगरीच्या मरणापर्यंत : प्राचीन हिब्रू विलापगीतांची पार्श्वभूमी

इ.स.पू. ५८६ मध्ये (काही अभ्यासकांच्या गणनेनुसार ५८७ मध्ये) बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर यरुशलेमचा तट फोडला आणि पुढच्या महिन्याभरात त्याचा सरदार नबूजरदान याने मंदिर, राजवाडा आणि नगरातली घरे जाळून टाकली. या विध्वंसावर रचलेली पाच काव्ये हिब्रू बायबलमध्ये 'एखा' या नावाने आहेत. मराठी बायबलच्या वाचकांना ती 'विलापगीत' म्हणून ठाऊक आहेत. विलापाची हिब्रू परंपरा म्हटली की सहसा याच पुस्तकापासून सुरुवात केली जाते. वास्तविक ते पुस्तक तयार झाले तेव्हा शोकगीत गाण्याची रीत त्या प्रदेशात कित्येक शतके जुनी होती आणि तिचे दोन वेगळे प्रवाह होते. एक प्रवाह प्रेताभोवती गायल्या जाणाऱ्या गीतांचा, ज्यात देवाला फारसे स्थान नव्हते. दुसरा संकटकाळी देवापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्याचा, ज्यात मृत माणूस नव्हता. हे दोन प्रवाह यरुशलेमच्या राखेत एकत्र आले, आणि पुढच्या अडीच हजार वर्षांची यहुदी शोकपरंपरा त्या संगमातून निघाली.

पहिल्या प्रवाहाची गीते 'कीना' म्हणून ओळखली जातात. घरात मृत्यू झाला की वस्त्रे फाडणे, गोणपाट नेसणे, डोक्यात धूळ किंवा राख घालणे, जमिनीवर बसणे हे आचार सर्वांचे होते. गीत रचण्याचे आणि सांगण्याचे काम मात्र त्यात तरबेज असलेल्या स्त्रियांकडे असे. यिर्मया या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्याच्या, पुस्तकाच्या नवव्या अध्यायात या स्त्रियांना बोलावणे पाठवण्याचा आदेश आहे. त्यांनी त्वरेने यावे आणि आमचे डोळे आसवांनी वाहू द्यावेत, असे तेथे म्हटले आहे. पुढे त्याच स्त्रियांना सांगितले आहे की, आपल्या मुलींना आक्रोश शिकवा, शेजारणीला विलाप शिकवा, कारण मृत्यू आमच्या खिडक्यांतून चढून आत आला आहे. शिकवण्याच्या या उल्लेखावरून दिसते की ही कला होती, ती आईकडून मुलीकडे जात होती आणि तिला सामाजिक मान्यता होती. भाडोत्री रडणाऱ्या बायका असे म्हणून तिची बोळवण करणे मला अन्यायाचे वाटते, कारण दुःखाला शब्द देणे हे काम समाजाने त्यांच्यावर सोपवलेले होते आणि त्यात कौशल्य लागत होते.

ही रीत केवळ इस्राएलची नव्हती. सिरियाच्या किनाऱ्यावरील उगारित येथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांमधील अकहातच्या कथेत, मुलाच्या मृत्यूनंतर दानेल राजाच्या वाड्यात रडणाऱ्या स्त्रिया सात वर्षे शोक करतात. बिब्लोसचा राजा अहिराम याच्या दगडी शवपेटीच्या अरुंद बाजूंवर केस उपटणाऱ्या आणि छाती बडवणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. ही शवपेटी आज बैरूतच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

स्त्रियांची ही गीते लिहून ठेवली गेली नाहीत. बायबलमध्ये शब्दशः जपलेली जुनी शोकगीते राजाच्या तोंडची आहेत. गिलबोवा डोंगरावरील लढाईत शौल आणि त्याचा मुलगा योनाथान मारले गेल्यावर दावीदाने म्हटलेले गीत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. ते याशाराच्या ग्रंथातही नोंदलेले असल्याचे तेथेच म्हटले आहे, पण तो ग्रंथ पुढे लुप्त झाला. वीर कसे पडले, हे त्याचे पालुपद. ही बातमी गथ नगरात सांगू नका, नाहीतर पलिष्ट्यांच्या मुली आनंद करतील. गिलबोवाच्या डोंगरांनो, तुमच्यावर दव न पडो, पाऊस न पडो. इस्राएलच्या मुलींनो, ज्याने तुम्हाला किरमिजी वस्त्रे नेसवली त्या शौलासाठी रडा. संपूर्ण गीतात देवाचे नाव एकदाही येत नाही. त्यात प्रार्थना नाही, परलोकाची आशा नाही, न्यायाची मागणी नाही. आहे ती मृतांची स्तुती, पूर्वीच्या वैभवाची आणि आताच्या स्थितीची तुलना, आणि शेवटी योनाथानाला उद्देशून एका मित्राचे थेट बोलणे. शौलाचा सेनापती अबनेर याच्या तिरडीमागून चालताना दावीदाने म्हटलेले दुसरे गीत तर चारच ओळींचे आहे, आणि तेही असेच पूर्णपणे ऐहिक आहे.

दुसरा प्रवाह स्तोत्रसंहितेतला. तेथील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश गाऱ्हाण्याची आहेत, काही एकट्या माणसाची आणि काही समाजाची. त्यांची घडण ठरलेली असते. आधी देवाला हाक, मग दुःखाचे वर्णन, मग किती काळ असे चालणार हा प्रश्न, मग मदतीची याचना आणि बहुधा अखेरीस विश्वासाचा किंवा स्तुतीचा उच्चार. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रासारखा अपवाद क्वचितच, जे अंधारातच संपते. यातील प्रत्येक गाऱ्हाण्याचा आधार असा, की परिस्थिती अजून बदलू शकते. कीना मात्र सर्व संपल्यानंतर गायली जाते, म्हणून तिच्यात मागण्यासारखे काही उरलेले नसते.

या दोहोंमधली भिंत संदेष्ट्यांनी आधी हलवली. इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यास, उत्तरेकडील इस्राएलचे राज्य भरभराटीत असताना, आमोसाने त्या जिवंत राज्यावर शोकगीत म्हटले. इस्राएलची कुमारी पडली आहे, ती पुन्हा उठणार नाही, असे त्याने ऐकवले तेव्हा ऐकणाऱ्यांना स्वतःच्याच अंत्ययात्रेत उभे केल्यासारखे वाटले असणार. यहेज्केलाने हे तंत्र आणखी पुढे नेले. यहूदाच्या, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या दक्षिणेकडील राज्याच्या, राजांवर, मिसरच्या (इजिप्तच्या) फारोवर आणि सोर या व्यापारी नगरावर त्याने विलाप रचले. सोरवरील विलापात ते नगर म्हणजे देवदारूच्या डोलकाठीचे, मौल्यवान मालाने भरलेले आणि भर समुद्रात फुटलेले जहाज आहे. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बाबेलच्या राजाविषयी हाच प्रकार उपहासासाठी वापरला आहे. मात्र स्वतः यहेज्केलाची पत्नी वारली तेव्हा त्याला शोक करण्यास मनाई झाली, असे त्याच्या पुस्तकात नोंदले आहे; येणारे संकट इतके मोठे असेल की लोकांना नेहमीचे शोकाचार करणेही सुचणार नाही, याची ती खूण होती.

नगरासाठी रडण्याची याहून जुनी उदाहरणे मेसोपोटेमियात आहेत. इ.स.पू. २००४ च्या सुमारास ऊर नगराचा पाडाव झाल्यानंतर सुमेरी भाषेत नगरविलापांचा एक वर्गच तयार झाला. ऊर, निप्पूर, एरिदू, उरुक यांच्यावरील असे विलाप उपलब्ध आहेत. ऊरच्या विलापात नगराची देवी निंगाल स्वतः रडते आणि आपल्या नगराचा नाश टळावा म्हणून देवसभेत विनवणी करते. या काव्यांत आणि हिब्रू विलापात दीड हजार वर्षांचे अंतर असल्याने थेट उसनवारी सिद्ध करणे कठीण आहे. तथापि मंदिरांत गायले जाणारे सुमेरी विलाप बाबेलमध्ये पुढेही दीर्घकाळ चालू राहिले होते, आणि यहूदातून पकडून नेलेले लोक त्याच प्रदेशात राहिले. साम्याइतकाच फरकही बोलका आहे. एकेश्वरी यरुशलेमला रडणारी देवी परवडणारी नव्हती, म्हणून तिच्या जागी खुद्द नगरी आली. सियोनकन्या (सियोन म्हणजे यरुशलेमच) ही कधी विधवा, कधी मुले हिरावलेली आई होऊन बोलू लागली.

'एखा'तील पाच काव्यांपैकी पहिली, दुसरी आणि चौथी 'एखा' म्हणजे 'कसे!' या थेट मृत्यूगीताच्या उद्गाराने सुरू होतात: लोकांनी गजबजलेली नगरी कशी एकटी बसली आहे! त्यांची बांधणी काटेकोर आहे. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत, आणि पहिल्या चार काव्यांची कडवी त्या अक्षरक्रमाने सुरू होतात. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी असल्याने ६६ वचने होतात, पाचव्यात २२ वचने आहेत पण अक्षरक्रम नाही. गंमत अशी की पहिल्या काव्यात 'अयिन' हे अक्षर 'पे'च्या आधी येते, तर पुढच्या तिघांत नंतर. ही लेखनिकाची चूक नसावी, कारण इझ्बेत सार्ता आणि कुंतिलेत अज्रूद येथे सापडलेल्या प्राचीन वर्णमालांतही 'पे' आधी आहे. दोन्ही क्रम त्या काळी प्रचलित होते. जर्मन अभ्यासक कार्ल बुडे याने १८८२ मध्ये दाखवून दिले की या ओळींचा पूर्वार्ध बहुधा तीन आघातांचा आणि उत्तरार्ध दोन आघातांचा असतो, त्यामुळे ओळ शेवटाकडे अडखळते. यालाच पुढे कीनेचे वृत्त म्हटले गेले. तो नियम सरसकट लावता येत नाही. दावीदाचे शौलावरील गीतच त्यात बसत नाही.

या बांधणीच्या आत जे बोलले आहे ते मात्र शिस्तीत मावणारे नाही. पहिल्या काव्यात एक निवेदक नगरीचे वर्णन करतो आणि तिचे सांत्वन करणारा कोणी नाही, हे पुन्हापुन्हा सांगतो. मग नगरी स्वतः मध्येच बोलू लागते आणि वाटेने जाणाऱ्यांना विचारते की, माझ्या दुःखासारखे दुःख कुठे आहे का, ते पाहा. दुसऱ्या काव्यात निवेदकाचाच धीर सुटतो. देवानेच शत्रूप्रमाणे धनुष्य वाकवले, स्वतःची वेदी टाकून दिली, असे तो म्हणतो आणि सियोनला आग्रह करतो की लेकरांच्या प्राणांसाठी रात्रभर पाण्यासारखे मन ओत. त्यावर ती देवाला विचारते, स्त्रियांनी आपल्या पोटचे फळ खावे काय? तिसऱ्या काव्याच्या मध्यभागी देवाची दया दर सकाळी नवी होते, ही प्रसिद्ध ओळ येते आणि प्रवचनांतून बहुधा तीच ऐकू येते. पण पुस्तक तेथे संपत नाही. अखेरचे वचन असे आहे की तू आम्हाला अगदीच टाकून दिले आहेस, आमच्यावर अतिशय कोपला आहेस. पूर्वी दिलेल्या धीराची एक आठवण तिसऱ्या काव्यात आहे, एरवी पाचही काव्यांत देव बोलत नाही. उत्तर आले ते दुसऱ्या पुस्तकात आणि सुमारे अर्ध्या शतकानंतर. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाची सुरुवात माझ्या लोकांचे सांत्वन करा, या आज्ञेने होते, आणि पुढे परमेश्वराने मला सोडले, हे सियोनचे गाऱ्हाणे उद्धृत करून त्याला उत्तर दिले आहे.

काव्यांचा कर्ता यिर्मया, ही समजूत जुनी आहे. ग्रीक भाषांतराच्या प्रारंभी तसे सांगितले आहे आणि तालमूद हा रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मपंडितांच्या, चर्चांचा ग्रंथही तेच सांगतो. इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मारल्या गेलेल्या योशीया राजासाठी यिर्मयाने विलाप केला आणि गाणारे पुरुष व गाणाऱ्या स्त्रिया तो पुढेही गात राहिल्या, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. त्या उल्लेखाने ही समजूत दृढ झाली असावी. पण चौथ्या काव्याचा कवी मिसरच्या मदतीची वाट पाहिल्याचे सांगतो, आणि मिसरवर विसंबणाऱ्यांना यिर्मयाने कायम विरोध केला होता. आजचे बहुतेक अभ्यासक कर्ते एकापेक्षा अधिक होते आणि ते यहूदातच मागे राहिलेल्यांपैकी असावेत, असे मानतात. भग्न मंदिराच्या जागी शोक चालू होता याची खूण यिर्मयाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात आहे: शखेम, शिलो आणि शोमरोन येथून ८० पुरुष दाढ्या काढून, वस्त्रे फाडून, अर्पणे घेऊन आले होते. इ.स.पू. ५१८ मध्ये मंदिराची पुनर्बांधणी चालू असताना लोकांनी जखऱ्या या संदेष्ट्याला विचारले की पाचव्या महिन्यातले रडणे आता थांबवायचे का. म्हणजे तोवर त्या शोकाचे व्रत झाले होते.

इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती तीतस याच्या सैन्याने दुसरे मंदिर जाळले आणि त्या व्रताला नवे कारण मिळाले. त्याच युद्धाचा इतिहासकार योसेफस सांगतो की, गालीलमधले योतापाता हे नगर पडल्यावर तो स्वतः मेल्याची खोटी बातमी यरुशलेमला पोहोचली तेव्हा नगरात तीस दिवस शोक झाला आणि विलापासाठी अनेकांनी पावा वाजवणारे ठरवले; स्वतःसाठीच्या शोकाची नोंद त्याने फार आवडीने केलेली दिसते. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथामध्ये स्त्रियांची जुनी कला अजून जिवंत आहे. रब्बी यहूदा यांच्या मते इस्राएलमधल्या सर्वांत गरीब माणसानेही पत्नीच्या अंत्यविधीला किमान दोन पावे आणि एक विलाप करणारी स्त्री ठेवावी. सगळ्या मिळून गातात ते एक प्रकारचे गीत आणि एकीने म्हणायचे व इतरांनी मागून म्हणायचे ती कीना, असा फरकही तेथे दिला आहे.

अव महिन्याच्या नवमीला, म्हणजे तिशा बेआवला, शोक सामुदायिक उपासनेत स्थिर झाला तसा तो पुरुष कवींच्या हाती गेला. बायबलमध्ये मंदिर जाळल्याची तारीख एका ठिकाणी महिन्याची सप्तमी तर दुसरीकडे दशमी आहे. शत्रू सप्तमीला आत शिरला, नवमीच्या संध्याकाळी आग लागली आणि दशमीभर जळत राहिली, असा मेळ रब्बींनी घातला. त्या रात्री जमिनीवर बसून, मंद उजेडात 'एखा' वाचतात, आणि शेवटचे कठोर वचन झाल्यावर त्याच्या आधीचे, आम्हाला तुझ्याकडे परत वळव, हे वचन पुन्हा म्हणतात. त्यापुढे नव्या कीनांची भर पडत गेली. एलाझार कल्लीर या कवीच्या रचना, १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी ऱ्हाईन नदीकाठच्या श्पायर, वर्म्स व माइन्झ येथे झालेल्या कत्तलींवरील गीते, पॅरिसमध्ये १२४२ मध्ये तालमूदच्या प्रती जाळल्या गेल्यावर रोथेनबुर्गच्या मेईर यांनी रचलेला विलाप, आणि स्पेनमधील यहूदा हलेवीचे सियोनला उद्देशून लिहिलेले गीत यांचा त्यात समावेश आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजात हा दिवस वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला जात असे.

दुसऱ्या महायुद्धातील यहुदी संहारानंतर त्यावरही कीना लिहिल्या गेल्या आणि अनेक सभास्थानांत त्या नवमीला म्हटल्या जातात. इस्राएलच्या संसदेने १९५१ मध्ये त्या संहाराच्या स्मरणासाठी निसान महिन्याचा सत्ताविसावा दिवस वेगळा ठरवला. जुन्या नवमीतच या शोकालाही जागा असावी, असे मानणाऱ्या धार्मिक गटांना तो निर्णय मान्य झाला नाही.